छायाचित्रावरून माशी ओळखणे

छायाचित्रावरून माशी ओळखणे : रानात, शेतात टिपलेल्या माशीचे कुल, प्रजाती (जीनस) आणि जमलेच तर जाती (स्पीशीज), तिला न मारता ठरवणे. पहिला प्रश्न असतो ती माशीच आहे का. मधमाशी, गांधीलमाशी या नावापुरत्याच माश्या. त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. डिप्टेरा गणातल्या खऱ्या माशीला एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी संतोलक नावाच्या, टोकाला गुंडी असलेल्या दोन बारीक काड्या उरतात. या गणात दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झाली आहे, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबणारा हमखास फसतो.

कोथिंबिरीच्या फुलोऱ्यावर हवेत एका जागी तरंगणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिर्फिड माशी पाहावी. सोंग गांधीलमाशीचे, पण आखूड शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आणि डोके व्यापणारे डोळे ते उघडे पाडतात. पंख स्पष्ट आला असेल तर त्याच्या मध्यभागी एक शीर कुठेच न जुळता अधांतरी संपलेली दिसते. ही ‘खोटी शीर’ सापडली की कुलाबद्दल सहसा शंका उरत नाही. म्हणूनच पाठ, बाजू, चेहरा आणि पंख असे निरनिराळे फोटो हवेत. सोबत ठिकाण आणि तारीखही.

सार्कोफॅगा प्रजातीतल्या माशीच्या छातीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असते. जाती मात्र बहुधा नराची जननेंद्रिये तपासूनच ठरते. अशा फोटोखाली कोणी ठामपणे जातीचे नाव लिहिले, तर ते कशावरून, हे जरूर विचारावे. गोमाशीच्या बाबतीत उलटे घडते : कित्येक जातींच्या डोळ्यांवरचे रंगीत पट्टे मेल्यावर विरतात, तेव्हा टाचणीवरच्या नमुन्यापेक्षा फोटोच जास्त सांगतो.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर २०१७ पासून संगणकही नाव सुचवतो. ज्या जातीचे पुरेसे फोटो त्याला शिकवलेले नाहीत, तिच्या जागी तो ओळखीचे जवळचे नाव पुढे करतो.

२०१५ मध्ये स्टीफन मार्शल आणि नील इव्हनह्यूस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या ‘मार्लेइमिया झायलोकोपी’ या माशीचे नवी जाती म्हणून वर्णन केले, तेही निव्वळ फोटोंवरून. त्यावर वर्गीकरणतज्ज्ञांत मोठा वाद झाला. प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याच्या नियमांनुसार, म्हणजे प्राणिनामकरण संहितेनुसार, प्रमाण नमुना (ज्याच्यावर जातीचे नाव आधारलेले असते तो नमुना) म्हणजे फोटो नव्हे, फोटोतली माशी. आणि ती कुठल्याच संग्रहालयात नव्हती.