हिम आणि अँथम: उभं कधी राहायचं, बसून कधी ऐकायचं

इंग्लंडमधल्या एखाद्या कॅथीड्रलमध्ये संध्याकाळच्या उपासनेला, म्हणजे इव्हनसाँगला, पहिल्यांदा गेलेला मराठी माणूस एका जागी हमखास गोंधळतो. हातातल्या पत्रिकेवर ‘अँथम’ असं छापलेलं असतं. अँथम म्हणजे राष्ट्रगीत, ताठ उभं राहून खड्या आवाजात म्हणायचं, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. इथे नेमकं उलट. अँथम कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, गातो आणि उपासनेला जमलेली मंडळी बहुधा बसून ऐकते. उभं राहून सगळ्यांनी गायचं ते हिम (hymn), म्हणजे भक्तिगीत. (देवनागरीत हा शब्द बर्फासारखा दिसतो, त्याला इलाज नाही.)

हिम मंडळीचं, म्हणून ते कुणालाही जमेल असं बांधलेलं असतं. छंदबद्ध कडवी आणि प्रत्येक कडव्याला तीच चाल. एका अभंगाची चाल आपण दुसऱ्याला लावतो तसा प्रकार तिथेही चालतो, कारण कडव्यांची मापं ठरलेली. ‘अमेझिंग ग्रेस’ हे ८-६-८-६ मापाचं, म्हणजे कडव्याच्या चार ओळींत इतकी इतकी अक्षरं. त्याचे शब्द १७७९ मध्ये छापून आले, पण आज सगळ्यांच्या कानात बसलेली चाल त्याला अमेरिकेत १८३५ मध्ये जोडली गेली. मराठी चर्चमध्ये ना. वा. टिळकांची भजनं मंडळी म्हणते, तेव्हा त्यांचं काम हिमचंच असतं.

अँथमचा जीव वेगळा. शब्द बहुधा थेट बायबलचे, म्हणजे गद्य, त्यामुळे कडवी नाहीत. ओळ बदलली की संगीत बदलतं. मूळ शब्द ‘अँटिफोन’. त्यात दोन बाजूंनी आळीपाळीने गाण्याचा अर्थ आहे, आणि कॅथीड्रलमधलं कॉयर आजही दोन बाजूंना समोरासमोर बसतं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात चर्चमधून लॅटिन जाऊन इंग्रजी आली, तेव्हा शब्द कळले पाहिजेत हा आग्रह आला. आर्चबिशप क्रॅनमरने १५४४ मध्ये राजाला लिहिलं होतं की शक्यतो एका अक्षराला एकच स्वर असावा. त्याच काळातल्या टॅलिस या संगीतकाराचं ‘इफ यी लव्ह मी’ हे अँथम ऐका. चार आवाज, दोन-अडीच मिनिटं, आणि सुरुवातीला सगळे एकदम तेच शब्द म्हणतात, मग आवाज एकामागून एक सुटे होतात. पुढे बर्ड, गिबन्स अशा संगीतकारांच्या अँथममध्ये एकट्या गायकाचा भाग आणि कॉयरचा भाग आलटून पालटून येतो, त्याला ‘व्हर्स अँथम’ म्हणतात.

१६४० च्या दशकात प्युरिटन, म्हणजे कडव्या सुधारणावादी, लोकांनी कॅथीड्रलमधली कॉयर बंद पाडली, ऑर्गन काढायला लावले. राजेशाही परत आली आणि १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात अँथमची जागा पक्की झाली: तिसऱ्या प्रार्थनेनंतर, ‘जिथे कॉयर असेल तिथे’. ती जागा आजही तीच आहे. हिमला मात्र चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बराच काळ अधिकृत मान नव्हता. मंडळी बायबलमधलीच स्तोत्रं छंदात बांधून गायची.

अँथमचा सर्वांत थाटाचा नमुना म्हणजे हँडेलचं ‘झेडॉक द प्रीस्ट’. १७२७ मध्ये दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी केलेलं, आणि २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या वेळीही गायलेलं. मिनिटभराहून जास्त वेळ नुसती वाद्यं चढत राहतात आणि मग कॉयर एकदम कोसळतं. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचं गाणं यावरूनच बेतलेलं आहे.

आता गंमत अशी की इंग्रजांचं राष्ट्रगीत नावाने अँथम, बांधणीने हिम: प्रत्येक कडव्याला तीच चाल, सगळ्यांनी मिळून. मला तर वाटतं, आपल्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

हिममध्ये कॉयर गप्प असतं असंही नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या नाताळच्या उपासनेत पहिल्या हिमचं पहिलं कडवं एकटा मुलगा गातो, नंतर कॉयर, मग मंडळी. शेवटच्या कडव्याला मंडळी नेहमीची चाल धरते आणि मुलं तिच्या वरून वेगळीच चाल गातात.

पत्रिकेत ओळखायचं कसं? शेजारी क्रमांक छापला असेल तर हिम, समोरचं पुस्तक उघडून उभं राहायचं. संगीतकाराचं नाव आणि खाली गद्यासारखा मजकूर असेल, तर टेकून बसा. संपल्यावर टाळ्या नकोत, ती उपासना आहे.