फोटोतला तो पोरगा आणि त्याच्या नावाची स्कॉलरशिप

दरवर्षी निकाल लागला की नवीन पोरं विचारतात, स्कॉलरशिपच्या नोटिशीवर फोटो असलेला हा कोण, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

तो आमच्या बॅचचा, बीएस्सी सेकंड इयर, लातूरला रूम करून राहायचा आणि गाव किल्लारीच्या बाजूला. 1993 ला गणपती विसर्जनासाठी गावाकडं गेलता. 29 सप्टेंबरच्या रात्री विसर्जन झालं, लोक उशिरा येऊन झोपले अन् पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आपल्याकडं तेव्हा माळवदाची घरं, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं ओझं, उन्हाळ्यात गार राहायची पण त्या दिवशी तेच अंगावर आलं. त्याची माय शेतातल्या आखाड्यावर झोपली होती म्हणून वाचली.

घरातलं काहीच हाती लागलं नाही, फोटो तर सोडाच. मग आम्ही कॉलेजच्या ऑफिसात जाऊन त्याचा ॲडमिशन फॉर्म काढला, त्याच्यावरचा पासपोर्ट फोटो मोठा करून आणला. कपाळावर जी बारीक पांढरी रेघ दिसते ना, ती स्टेपलरच्या पिनची आहे, पोरांना वाटतं गंध लावलाय.

पैसे असे जमले, की मायनं मदतीच्या पैशातले 10 हजार दिले, बाकीचे 11 हजार आमची वर्गणी आणि सरांचे, असे 21 हजार एफडीत टाकले. आमचा विचार होता वर्गात पहिला येईल त्याला द्यायचे. माय म्हणाली, "पहिल्याला समदेच देतेत, माझं लेकरू कवा पहिलं आलतं? रूम करून राहणाऱ्याला द्या." म्हणून नियमात मार्कांची अट फक्त पास होण्याची आहे.

दुसरी अट मात्र आमच्याच अंगाशी आली. घाईत लिहिलं 'मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तीर्ण'. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. बरं ते दुरुस्त करेपर्यंत 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि लातूर जिल्हा तिकडं गेला. एका वर्षात तीन नावं! क्लार्क म्हणायचे आधी नियम बदला मग चेक काढतो, आणि त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. शेवटी 'संबंधित विद्यापीठ' लिहून मिटवलं.

खरी पंचाईत व्याजाची. तेव्हा 12 टक्क्यांनी वर्षाला 2,520 यायचे, त्यात पोराचं रूमभाडं आणि मेसचे काही महिने निघायचे. पुढं व्याजदर उतरत गेले, साडेपाच टक्क्यावर आले तेव्हा हातात 1,155 रुपये, त्याहून जास्त खर्च पाहुण्यांच्या शाल-श्रीफळ अन् फेट्यावर व्हायला लागला, जे मला कधीच पटलं नाही. आता सरकारी योजना आहेत, महाडीबीटीवर फॉर्म भरता येतो, पण ते पैसे यायला वर्ष जातं आणि घरमालक तर एक तारखेलाच दारात.

म्हणून बॅचवाल्यांनी आता शाल बंद केली, दरवर्षी वरून पैसे घालून 5 हजार करतो आणि कार्यक्रम न करता जुलैमध्येच देतो, कारण रूमचं डिपॉझिट तेव्हाच भरावं लागतं. भूकंपानंतर गावं नव्या जागेवर वसवली, त्यामुळं फॉर्मवर मूळ गावाच्या रकान्यात भूकंपग्रस्त भागातली पोरं अजून 'जुनं का नवं?' म्हणून विचारतात. दोन्ही लिहा.