आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांचा अभियोग व अध्यापन

वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण यांबद्दल राज्यावर नव्हे, तर व्यक्तीवर खटला चालविणे म्हणजे आंतरराष्ट्रीय अभियोग. हे काम करणारे वकील आणि फौजदारी कायद्याचे अध्यापक ही पुष्कळदा एकच माणसे असतात, कारण हा कायदा संहितेत आयता मिळाला नाही. तो बराचसा खटले मांडतामांडताच घडला. वंशसंहारासाठीचा मूळ शब्द ‘जेनोसाइड’ घडविणारे (१९४४) राफाएल लेमकिन हे वॉर्सात सरकारी वकील होते आणि पुढे अमेरिकेत ड्यूक व येल विद्यापीठांत शिकवीत असत.

अशा खटल्यात प्रेत सापडणे अवघड नसते. अवघड असते ते दूर बसलेल्या आरोपीपर्यंत पोचणे. हुकूम कोणी दिला, तो कोणत्या हातांतून खाली गेला आणि वरच्याला काय ठाऊक होते, याचा दुवा निशाणीमागून निशाणी (क्रमांक दिलेला पुरावा) दाखल करून जोडावा लागतो. रुआंडातील ताबा या गावाचे नगरप्रमुख झां-पॉल अकायेसू यांना १९९८ मध्ये वंशसंहाराबद्दल दोषी ठरविताना रुआंडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते असे मानले. साक्षीदार स्त्रिया बोलत्या झाल्या नसत्या, तर तो आरोप दोषारोपपत्रात आलाही नसता.

मराठवाड्यातील विधी महाविद्यालयांत हा विषय शिकविणाऱ्याला उदाहरणासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांपर्यंत जावे लागत नाही. हैदराबाद संस्थानातील निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या संघटनेच्या अत्याचारांच्या आठवणी येथे घरोघरी आहेत. त्याच्यावर खटला मात्र चालला तो बीबीनगरच्या दरोड्यासारख्या साध्या फौजदारी कलमांखाली, तोही खास न्यायाधिकरणापुढे. त्या न्यायाधिकरणाची कार्यपद्धती समतेच्या हक्काला बाधक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये बहुमताने दिला. भारताने हैदराबाद संस्थानावर केलेल्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांची पाहणी भारत सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने केली आणि मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद व नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांपैकी होते. हा अहवाल कित्येक दशके दप्तरातच राहिला. एक प्रकरण शिकवून दुसरे वगळणे हे अध्यापन नव्हे.

भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मान्य केला, पण भारतीय न्याय संहितेतही (अंमल १ जुलै २०२४) तसा स्वतंत्र गुन्हा नाही. ही उणीव दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या निकालात बोलून दाखविली होती. हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने स्थापले, त्या १९९८ च्या रोम कराराचाही भारत सदस्य नाही. त्यामुळे १९४८ च्या घटनांवर रोम कराराखालील दोषारोप लिहिण्याचा सराव वर्गात दिला, तर सावध विद्यार्थ्याचा मसुदा पहिल्याच ओळीत अडतो: त्या न्यायालयाचा अधिकार १ जुलै २००२ पूर्वीच्या कृत्यांना लागू होत नाही.