रॉकी हॉररचा ‘कोरा’ प्रेक्षक

‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ या गाण्यांनी भरलेल्या भयविनोदी इंग्रजी चित्रपटाच्या खेळाला पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या कपाळावर लिपस्टिकने इंग्रजी ‘व्ही’ काढतात. ‘व्ही’ म्हणजे ‘व्हर्जिन’. चित्रपटाने पन्नाशी ओलांडली तरी ही खूण टिकून आहे आणि तिच्यावरची भांडणंही. कथानक इथे सांगत नाही, ते कुठेही वाचायला मिळतं. नव्या माणसाची तारांबळ उडते ती पडद्यासमोर जे चालतं त्यामुळे.

मूळ नाटक जून १९७३मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवर, ६३ खुर्च्यांच्या जागेत सुरू झालं आणि थिएटरं बदलत १९८०पर्यंत चाललं. ब्रॉडवेवर मात्र १९७५मध्ये ४५ प्रयोगांतच गाशा गुंडाळावा लागला. चित्रीकरण १९७४च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात, विंडसरजवळच्या ओकली कोर्ट या तेव्हा पडीक असलेल्या हवेलीत आणि शेजारच्या ब्रे स्टुडिओत झालं. खर्च १४ लाख डॉलर. हवेलीत ऊब नव्हती, छप्पर गळत होतं. नायिकेला न्युमोनिया झाला. पडद्यावर ती थरथरते तो सगळाच अभिनय नाही.

चित्रपट ऑगस्ट १९७५मध्ये लंडनला आणि २६ सप्टेंबरला लॉस एंजेलिसच्या वेस्टवुडमध्ये लागला. वेस्टवुडला गर्दी होती, पण तीच ती माणसं पुन्हा पुन्हा येत होती. बाकी अमेरिकेत तो आपटला आणि न्यूयॉर्कचं हॅलोविनला ठरलेलं प्रदर्शन रद्द झालं. ‘तीच ती माणसं’ हा खरं तर पुढचा सगळा इतिहास होता, पण हिशेबाच्या वहीत तो तोटा म्हणून नोंदला गेला.

पुढचं वळण १ एप्रिल १९७६चं. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. मध्यरात्री विचित्र चित्रपट दाखवायची चाल त्या शहरात १९७०पासून होतीच. नवीन होतं ते प्रेक्षकांचं बोलणं. खेळाआधी सभागृहात चित्रपटाच्या गाण्यांची रेकॉर्ड वाजवली जाई; लोक आधीच तापलेले असत. मग खलनायकाला हुर्यो आणि नायकाला टाळ्या सुरू झाल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीत, पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरून चाललेल्या नायिकेला, जॅनेटला, एका शाळामास्तरांनी ‘छत्री विकत घे की, चिंगूस!’ अशा अर्थाचा टोला हाणला. मुळात त्यात शिवीही होती. पडद्याशी बोलायच्या या प्रकाराची सुरुवात साधारण तिथून धरतात. हे सगळं निर्मात्यांनीच आखलं होतं, असं अजूनही छापून येतं. ते चूक आहे.

आपल्या संगीत नाटकातला ‘वन्समोअर’ गाणं संपल्यावर यायचा आणि नट थांबायचा. पडदा कुणासाठी थांबत नाही. म्हणून इथली वाक्यं संवादांच्या मधल्या फटींत बसवावी लागतात, आणि या चित्रपटात फटी भरपूर आहेत. सर्वांत प्रसिद्ध फट हवेलीचा मालक, वेडा शास्त्रज्ञ डॉक्टर फ्रँक-एन-फर्टर याच्या पहिल्या गाण्यातली. ‘अँटिसिपेशन’ (उत्कंठा) हा शब्द तोडून तो ‘अँटिसि’ म्हणतो आणि थांबतो. ओठ तसेच, भुवई वर. सभागृह एका आवाजात ‘बोल!’ म्हणून ओरडतं. मग ‘पेशन’ येतं. अर्धा सेकंद उशीर केला तर तुमचा ‘बोल’ त्याच्या ‘पेशन’वर आदळतो आणि मागच्या रांगेतून तुमचा उद्धार होतो. घरी एकट्याने बघताना हीच जागा उगाच ताणल्यासारखी वाटते. चित्रपट संथ आहे ही तक्रार बहुधा दिवाणखान्यातून येते.

आता त्या शब्दाकडे. ‘व्हर्जिन’ नेमकं कुणाला म्हणायचं यावर जुन्या मंडळींचं एकमत नाही. कडक नियम असा: थिएटरात, पडद्यासमोर ‘शॅडो कास्ट’ असताना जो बसला नाही तो व्हर्जिन, घरी चाळीस वेळा पाहिला असला तरी. शॅडो कास्ट म्हणजे तेच कपडे घालून, पडद्यावरच्या संवादांना ओठ हलवत खाली अभिनय करणारा हौशी संच. सैल नियमात कुठलंही थिएटर चालतं. भेद फुकाचा नाही. अमेरिकेत १९९०मध्ये व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा घरी बघितलेल्यांची संख्या एकदम वाढली आणि आता थिएटरात कोण येणार अशी धास्ती पसरली. ‘घरचं धरत नाही’ हा हट्ट आम्हाला तरी त्या धास्तीचं उत्तर वाटतो. गर्दी काही आटली नाही.

मराठीत या शब्दाचं काय करायचं? ‘कुमारिका’ म्हटलं की नवरात्रातलं जेवण डोळ्यांपुढे येतं, शिवाय पुरुष प्रेक्षकांचं काय? ‘पहिलटकर’ अर्थाला सर्वांत जवळ आणि खोडकरही, पण तो शब्द बाळंतपणाला बांधलेला. ‘नवखा’ चालेल, फक्त त्यात मूळचा चावटपणा नाही. आम्ही ‘कोरा’ वापरतो. कोरी पाटी, कोरं कापड. आणि ‘व्ही’ काढला की कोरेपणा गेला.

खरा वाद शब्दापेक्षा दीक्षाविधीचा. कोऱ्यांना खेळाआधी मंचावर बोलावून फुगे फोडायला लावणं, चावट आवाज काढायच्या स्पर्धा घेणं, हे वर्षानुवर्षं गंमत म्हणून चाललं. अलीकडे अनेक संचांनी हात वर करणाऱ्यांनाच बोलवायचं ठरवलं. काहींनी ‘व्हर्जिन’ शब्दच टाकला. जुने म्हणतात, चित्रपटाचा दंगाच यात मेला. ते पटत नाही. १९७६ला बाल्कनीत ओरडणाऱ्यांना कुणी ओढून आणलं नव्हतं. जॅनेटचं नाव आलं की तिच्या चारित्र्यावर घालायची शिवीही काही ठिकाणी बदलली आहे. नायक ब्रॅडची शिवी शाबूत आहे, तिच्यावर कुणाचा आक्षेप ऐकला नाही.

‘व्ही’ काढून घेण्याआधी लिपस्टिक कुठली ते पाहावं. साधी कांडी साबणाने निघते. दिवसभर टिकणारी द्रव लिपस्टिक असेल तर कापसावर खोबरेल तेल घेऊन मिनिटभर दाबून ठेवावं आणि मग पुसावं. नुसती घासली तर कपाळ लाल होतं आणि ‘व्ही’ तसाच राहतो.

सामानाचा क्रम चित्रपटाच्या क्रमानेच लागतो. सुरुवातीच्या लग्नात तांदूळ. पावसात डोक्यावर वर्तमानपत्र आणि मागून पाण्याच्या पिचकाऱ्या. हवेलीतला दिवा दिसतो तेव्हा उजेड. प्रयोगशाळेत फ्रँक रबरी हातमोजे तीनदा ओढून सोडतो, तेव्हा तीन फटके. त्याचं भाषण संपलं की खुळखुळे. तो आपण घडवलेल्या रॉकीला घेऊन शयनगृहाकडे निघाला की रंगीत कागदाचे कपटे. डॉक्टर स्कॉट आले आणि ब्रॅड ‘ग्रेट स्कॉट!’ ओरडला की टॉयलेट पेपर, कारण अमेरिकेत स्कॉट नावाचा टॉयलेट पेपर मिळतो. जेवणाच्या टेबलावर पेला उंचावून ‘टोस्ट’ म्हटलं की पावाचे टोस्ट. आपल्याकडे टोस्ट म्हणजे चहात बुडवायचा, त्यामुळे हा श्लेष मराठी माणसाला दोनदा समजावावा लागतो. पुढे कागदी टोपी, मग घंटा, आणि शेवटी फ्रँकच्या निरोपाच्या गाण्यात पत्ते.

यातलं निम्मं सामान आज दारावरच काढून घेतात. मेणबत्त्या आगीच्या भीतीने सर्वांत आधी गेल्या. विजेरी किंवा फोन चालतो. पाण्यावर बंदीचं कारण पडदा: त्यावर परावर्तक थर असतो, बारीक भोकं असतात आणि मागे ध्वनिवर्धक. डाग पडला तर तो पुढच्या प्रत्येक चित्रपटात दिसतो. कच्चा तांदूळ उतरत्या पायऱ्यांवर बुटाखाली गोळ्यांसारखा सरकतो आणि खुर्च्यांच्या बिजागरीत अडकतो. टोस्टला लोणी लावून आणणारे महाभाग असतात. कोरडा आणला तरी चुरा उंदरांना आमंत्रण देतो. टॉयलेट पेपर चालत असेल तर आधी हातभर उलगडून, टोक धरून गुंडाळी वर फेकायची, म्हणजे फीत पसरते. बंद गुंडाळी फेकली की कुणाच्या तरी चष्म्यावर बसते. बरीच थिएटरं पिशवी स्वतःच विकतात आणि त्यात काय नाही यावरून तिथले नियम कळतात. कुठल्याही परिस्थितीत पडद्याकडे आणि शॅडो कास्टकडे काही फेकू नये.

चित्रपटातला ‘टाइम वॉर्प’ नाच सोपा: उडी डावीकडे, पाऊल उजवीकडे, हात कमरेवर, गुडघे आत, मग कमरेचा झटका. निवेदक मध्येच तक्ता दाखवून पायऱ्या शिकवतो. तरी दर खेळाला टक्कर होते, कारण कोरा माणूस पडद्यावरच्यांची नक्कल करतो. त्यांची डावी बाजू आपल्याला उजवीकडे दिसते. शब्द ऐकणारा शेजारी डावीकडे उडतो, बघणारा उजवीकडे. पडदा न बघता शब्द ऐकावेत, आणि खुर्च्यांत जागा नसेल तर उडी जागच्या जागी मारावी.

आधी घरी बघून जावं का? गोंगाटात निम्मे संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून अनेक जण तसा सल्ला देतात. आमच्या मते गाणी ऐकून जावं, चित्रपट नव्हे. वेव्हर्लीचे प्रेक्षकही गाणी कानांत घेऊनच अंधारात बसत होते.

वेव्हर्लीतले खेळ पुढे बंद झाले आणि १९७८मध्ये ही मंडळी जवळच्याच एट्थ स्ट्रीट प्लेहाउसमध्ये गेली. शॅडो कास्टची शिस्त तिथे बसली. म्युनिकच्या म्युझियम लिश्टश्पीले थिएटरात चित्रपट १९७७पासून, पोर्टलंडच्या क्लिंटन स्ट्रीट थिएटरात १९७८पासून चालू आहे. २०२०च्या साथीत पोर्टलंडच्या व्यवस्थापकांनी परंपरा तुटू नये म्हणून तो रिकाम्या सभागृहात लावला. २०१९मध्ये निर्मिती कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी जुने चित्रपट थिएटरांना देताना हात आखडला, पण याला अपवाद ठेवला.

जाण्याआधी आवृत्ती कुठली ते विचारून घ्यावं. ब्रिटिश आवृत्तीत हवेली उडाल्यावर ‘सुपरहीरोज’ हे छोटं गाणं आहे. अमेरिकेतल्या मूळ प्रदर्शनात ते कापलं होतं. गाणं नसेल तर ती दोनेक मिनिटं कमी, आणि तेवढ्यासाठी जपून ठेवलेली घोषणा हातातच राहते.