वयाने लहान मित्रासोबत परमिट रूममध्ये जाताना: वयाची अट, मद्यसेवन परवाना आणि कागदपत्रं

ऑफिसच्या पार्टीसाठी मोठं टेबल बुक झालंय आणि त्यात दोघं इंटर्न नुकतेच विशी ओलांडलेले. किंवा गावाकडून पुण्याला शिकायला आलेला मामेभाऊ ‘दादा, शनिवारी मी पण येतो’ म्हणून मागे लागलाय. आत सोडतील का, एवढाच प्रश्न बहुतेकांना पडतो. कायद्याचं लक्ष मात्र टेबलावर काय मागवलं आणि ग्लास कुणापुढे ठेवला याकडे असतं.

महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, 1949 आजही लागू आहे. त्याच्या हिशेबाने बंदी हा नियम आणि परवाना ही सवलत. बारच्या पाटीवरचं ‘परमिट’ म्हणजे ही सवलत. बारमालकाकडे विक्रीचा परवाना असतो तो वेगळा, आणि पिणाऱ्याकडे स्वतःचा मद्यसेवन परवाना असायला हवा तो वेगळा. हा परवाना माणसागणिक असतो. तुमच्याकडे आजीवन परवाना आहे म्हणून शेजारी बसलेल्याला तो चालत नाही, मग बिल तुम्ही भरा नाहीतर त्याने भरू दे.

कोण पात्र आहे

सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं. व्हिस्की, रम, व्होडका, जिन, ब्रँडी यांसाठी 25. म्हणजे 23 वर्षांचा, नोकरीला लागलेला, स्वतःच्या पगारातून बिल भरणारा मित्र सौम्य बिअर मागवू शकतो, पण तुमच्या बाटलीतला पेग त्याला नियमाने चालत नाही. ही मधली चार वर्षं सगळ्यात गोंधळाची, कारण टेबलावर एकदा बाटली उघडली की कोण काय पितंय याचा हिशेब कुणी ठेवत नाही. वेटरने वय विचारलं तर त्याच्यावर उखडू नका. तपासणीत सापडलं तर हॉटेलचा परवाना निलंबित होऊ शकतो.

21 च्या आतल्याला कोणतंही मद्य नाही. लिंबू सोडा आणि चखण्यावर तो बसू शकेल का, हे बहुतेक ठिकाणी दारावरच ठरतं. जेवणाचा वेगळा विभाग असलेल्या हॉटेलांत कुटुंबं मुलाबाळांसह जेवतातच. पब मात्र दारातच ओळखपत्र मागतात आणि परत पाठवतात. आधी फोन करून विचारलेलं बरं.

आणि 18 च्या आतला असेल तर विषयच वेगळा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार बालकाला मद्य देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम फक्त बारमालकासाठी नाही. देणारा कोणीही असो. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा त्याला मद्य देणाऱ्या ठिकाणच्या लोकांना बाल न्याय कायद्याखालीच अटक झाली. ‘एक घोट घेऊ दे, काय होतंय’ म्हणणाऱ्या काकांनी हे कलम एकदा वाचावं.

परवाना कसा काढायचा

तीन पर्याय आहेत. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी 5 रुपयांत आणि देशीसाठी 2 रुपयांत मिळतो. वर्षाचा 100 रुपये, आजीवन 1000 रुपये. सरकारी भाषेत ‘विदेशी मद्य’ म्हणजे फक्त स्कॉच नव्हे; इथल्याच कारखान्यात भरलेली रम आणि व्हिस्कीही त्यात येते, त्यामुळे परमिट रूममध्ये बसणाऱ्याला 5 रुपयांचाच लागतो.

एक दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्ये किंवा परमिट रूमच्या काउंटरवरच मिळतो. ग्राहक सहसा मागत नाही आणि मालकही आपणहून देत नाही. 31 डिसेंबर जवळ आला की मात्र परवान्यांची पुस्तकं बाहेर निघतात. नाव आणि वय नीट लिहिलंय ना, ते पाहून घ्या.

वर्षाच्या किंवा आजीवन परवान्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑनलाइन सेवांमध्ये नोंदणी करून अर्ज भरायचा. तुमचा पत्ता ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयाकडे तो जातो. शुल्क ऑनलाइनच भरायचं. एजंटची गरज नाही. शंभर रुपयांच्या कामाचे कुणी हजार मागत असेल तर उठून या.

कागदपत्रं मोजकीच: पासपोर्ट आकाराचा फोटो, सहीचा नमुना, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा. वयासाठी पासपोर्ट, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवा. पत्त्यासाठी आधार किंवा मतदार ओळखपत्र. अर्ज अडकतो तो साधारणपणे नावाच्या स्पेलिंगमुळे. एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाहीच, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा. भाड्याने राहणाऱ्यांचा आधारवरचा पत्ता बरेचदा गावचाच असतो. मग अर्जात कोणता पत्ता द्यायचा ते कागद बघून ठरवा, दोन्हीकडे वेगवेगळं लिहू नका.

दारावर दाखवायला कॉलेजचं ओळखपत्र सहसा उपयोगाचं नाही, त्यावर जन्मतारीख असेलच असं नाही. डिजिलॉकरमधलं लायसन्स सोपं पडतं. आधारच्या झेरॉक्सवर जन्मसाल खोडून बदलणं ही गंमत नाही. तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे आणि परवान्याच्या भानगडीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

परवाना हातात असला तरी ड्राय डेला तो कामाचा नाही. 2 ऑक्टोबरला बार बंद म्हणजे बंद.

राज्याबाहेर

गोव्यात वयाची अट 21 आहे आणि तिथे पिण्यासाठी असा वेगळा परवाना काढावा लागत नाही. दिल्लीत 25. हरियाणाने 2021 मध्ये 25 वरून 21 केलं. त्यामुळे सहलीला गेल्यावर तिथला नियम पाहायचा. गोव्यात 22 व्या वर्षी प्यायलेली रम सावंतवाडीत परत आल्यावर नियमात बसत नाही.

आणि घरी परतताना

न पिणारा लहान मित्र गाडी चालवेल, असा बेत पुष्कळ जण करतात. चांगला बेत आहे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. फक्त त्याचं लायसन्स पक्कं आहे का ते निघण्याआधी विचारा. शिकाऊ असेल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस शिकवायला बसावा लागतो, आणि तुम्ही प्यायलेले असाल तर ती जागा तुम्हाला घेता येणार नाही. तेव्हा सरळ रिक्षा किंवा कॅब बोलवा.