फाइल सिस्टम बिघडली की डिस्कच चालली? चेकडिस्क मारायच्या आधी बघायच्या गोष्टी

सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘एनटीएफएस, ५५’ (विंडोजची फाइल सिस्टम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशेब, बिघडल्याची तक्रार) दिसलं की आपल्याकडे पुढचं ठरलेलं असतं. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) स्लॅश आर लावायचं, मॉनिटर बंद करायचा आणि घरी जायचं. सकाळी एक तर सगळं सुरळीत असतं, नाही तर डी ड्राइव्हच दिसत नाही. दोन्ही वेळा उपाय तोच केलेला असतो, कारण आजार कुठला हे कुणी बघितलेलंच नसतं.

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान घ्या, नाही तर कुपवाड एमआयडीसीतला छोटा कारखाना. कोपऱ्यात एक जुना टॉवर सर्व्हर, त्यावर शेअर केलेला एक फोल्डर, त्यात टॅलीचा डेटा आणि दहा वर्षांच्या एक्सेल फाइली. असल्या जागी ही गल्लत फार महागात पडते.

फाइल सिस्टमचा बिघाड सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती, लिहिणं अर्धवट राहिलं, नोंदींचा मेळ बसेना. डिस्क धडधाकट असते. चेकडिस्क स्लॅश एफ (नुसती नोंदींची दुरुस्ती) मारलं की बहुतेक वेळा काम होतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एनटीएफएसचं जर्नल (बदलांची टिपणवही) फाइल सिस्टमच्या स्वतःच्या नोंदी सांभाळतं, फाइलच्या आतला मजकूर नाही. त्यामुळे चेकडिस्क ‘सगळं ठीक’ म्हणालं तरी टॅलीची अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते.

आता खरा घोळ. ५५ नंबरचा इव्हेंट फाइल सिस्टम लिहिते, डिस्क लिहीत नाही. तिला एवढंच कळतं की जी नोंद हवी होती ती नीट मिळाली नाही. डिस्कने सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) व्यवस्थित वाचून दिला आणि आतला मजकूर चुकीचा निघाला, की डिस्कला तो सेक्टर वाचताच येईना? वर तक्रार तीच निघू शकते, आणि तिच्या शेवटी ‘चेकडिस्क चालवा’ हा सल्लाही तोच. खतावणीत नोंद चुकणं वेगळं आणि खतावणीच्या पानाला वाळवी लागणं वेगळं. पहिल्यात दिवाणजी बसून मेळ लावू शकतो. दुसऱ्यात पान जितकं हाताळाल तितकं फाटतं.

म्हणून ५५ वर थांबू नका, त्याच्या आधीच्या ओळी बघा. सिस्टम लॉगमध्ये सोर्स ‘डिस्क’ लावून फिल्टर करा. समजा ११:४२ ला १५३, लगेच परत १५३, ११:४३ ला ७ आणि ११:४४ ला ५५ असं दिसलं. १५३ म्हणजे वाचणं किंवा लिहिणं जमलं नाही म्हणून परत प्रयत्न करावा लागला. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. अशा वेळी ५५ हा परिणाम आहे, कारण खाली आहे. उलट, डिस्कच्या नावावर काहीच नाही, लाईट गेल्यानंतर सर्व्हर चालू झाला आणि थेट ५५ आला, तर फाइल सिस्टमवर संशय घ्यायला हरकत नाही.

लॉग न उघडताही एक खूण सापडते. काउंटरवरच्या माणसाला विचारा, ‘एरर यायच्या आधी काय व्हायचं?’ खातं उघडताना स्क्रीन पांढुरकी पडून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ व्हायची आणि थोड्या वेळाने परत चालायला लागायची असं तो म्हणाला, तर बहुधा डिस्क एकच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघत होती. नुसती फाइल सिस्टम बिघडली असेल तर एरर सहसा झटक्यात येते, असं ताटकळणं नसतं.

मरायला टेकलेल्या डिस्कवर स्लॅश आर का नको? स्लॅश आरमध्ये स्लॅश एफ आलंच, वर ते सगळा व्हॉल्यूम, म्हणजे अख्खा ड्राइव्ह, वाचून काढतं. कमकुवत हेडला (डिस्क वाचणाऱ्या टोकाला) तासन्‌तास राबवायचं आणि त्याच डिस्कवर दुरुस्तीचं लिहायचं, असा हा दुहेरी मार आहे. ज्या नोंदी वाचता आल्या नाहीत त्या गेल्या असं धरून ते पुढे जातं, आणि नाव हरवलेले तुकडे ‘फाउंड डॉट ०००’ फोल्डरमध्ये जातात. त्यातली कुठली फाइल कुणाची हे शोधायला मग बसा. आधी बघायचंच असेल तर चेकडिस्क कुठलाही स्विच (स्लॅशवालं अक्षर) न लावता चालवा, ते फक्त वाचतं. सर्व्हर २०१२ पासून स्लॅश स्कॅनही आहे, त्यासाठी शेअर बंद करावा लागत नाही.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघताना चार नंबरांकडे लक्ष द्या: ५ (बदललेले सेक्टर), १९७ (पेंडिंग), १९८ (दुरुस्त न होणारे) आणि १९९ (केबलवरून जाताना झालेल्या चुका). यातला १९९ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, डिस्कला दोष देऊ नका. १९७, म्हणजे पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले), यावरून लोक सर्वात जास्त फसतात. लिहिताना लाईट गेली तर चांगल्या डिस्कवरही एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जाऊन पेंडिंगमध्ये येतो. त्यावर परत लिहिलं की आकडा शून्य. पण डेटा काढून घेतल्यावर तो आकडा १ वरून ८, ८ वरून ४० असा चढताना दिसला तर त्या डिस्कवर परत काहीही ठेवायचं नाही. ‘फॉरमॅट मारला, आता बॅड सेक्टर नाहीत’ म्हणून डिस्क परत देणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. व्हिस्टापासून फुल फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, त्यामुळे पेंडिंग सेक्टर बदलले जातात आणि आकडा तात्पुरता साफ दिसतो. पृष्ठभाग तोच असतो.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता, तशी एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट जास्त निघाली. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडलं तर स्मार्टमध्ये कसलीच खूण दाखवली नव्हती. म्हणजे आकडा वाईट असेल तर घाबरा, पण चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं) कार्ड असेल तर त्यामागच्या डिस्कचं स्मार्ट विंडोजला बऱ्याचदा दिसतच नाही, कार्डच्या स्वतःच्या युटिलिटीत बघावं लागतं. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. यावर आणखी एक ओळही लिहिणार नाही.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या लॉगमध्ये) ‘आय-ओ एरर’ आणि सेक्टर नंबर असेल तर डिस्क. नुसतं ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ असेल तर बहुधा फाइल सिस्टम. माउंट केलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या, व्हॉल्यूमवर एफएससीके (लिनक्सचं चेकडिस्क) चालवू नका. एक्सएफएस या फाइल सिस्टमच्या रिपेअरला कॅपिटल एल लावणं म्हणजे लॉग फेकून देणं, तो शेवटचा उपाय.

डिस्कवर संशय असेल तर क्रम असा. सगळ्यांना शेअरमधून बाहेर काढा. चालू वर्षाचा डेटा आधी दुसरीकडे कॉपी करा, जुन्या फाइलींची घाई नाही. मग डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा उचलणाऱ्या साधनाने) नव्या डिस्कवर इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब कॉपी, घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागी नंतर परत येतं. चेकडिस्क मारायचं ते त्या कॉपीवर.

डिस्क स्वच्छ, केबल नवी, यूपीएस ठीक, तरी आठवड्याला ५५ येतोच आहे? मग रॅम तपासा. खराब रॅममधून गेलेली नोंद डिस्कवर चुकीचीच लिहिली जाते आणि डिस्क ती प्रामाणिकपणे तशीच परत देते. मेमरी टेस्ट रात्रभर लावा. एरर आली तर एकेक स्टिक काढून परत टेस्ट करा, आणि खराब स्टिक सापडेपर्यंत त्या सर्व्हरवर चेकडिस्क स्लॅश एफसुद्धा मारू नका.