साथरोगकाळातील लघुव्यवसाय अर्थसाहाय्य (मुंबई)

साथीच्या रोगामुळे व्यवहार बंद ठेवावे लागले असता लहान दुकानदार, गाळ्यांतले कारखानदार आणि फेरीवाले तगून राहावेत, यासाठी शासनाने व बँकांनी दिलेली कर्जे, कर्जहमी, हप्त्यांतील सवलत आणि थेट रोख मदत यांचा या संज्ञेत समावेश होतो. मुंबईत अशा साहाय्याची खरी कसोटी कोविड-१९च्या साथीत लागली. १८९६ साली मांडवी भागातून प्लेग पसरला आणि माणसे शहर सोडून गेली, तेव्हा सरकारचा सारा भर तपासणी, विलगीकरण आणि निर्जंतुकीकरणावर होता. पुढच्याच वर्षी झालेल्या साथरोग कायद्यात अधिकार आणि शिक्षा होत्या. बुडालेल्या धंद्याच्या भरपाईचा विचार नव्हता. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात निर्बंध लागू झाले ते याच कायद्याच्या आधारे.

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. पाडवा आणि त्यामागून येणारी लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवून व्यापारी माल भरून ठेवतात, त्यामुळे अनेकांचे भांडवल नेमके त्याच वेळी कपाटांत अडकून पडले. लोकल गाड्या दोनच दिवस आधी थांबल्या होत्या. जूनच्या मध्यात त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, पण सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळेत का होईना प्रवेश मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून. लोकल नाही म्हणजे गिऱ्हाईकही नाही आणि कारागीरही नाही, हे मुंबईतल्या धंद्याचे साधे गणित आहे.

पहिला दिलासा रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी दिला. कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची ही मुभा पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. मात्र हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हते. धारावीतल्या एखाद्या चामडी पाकिटे शिवणाऱ्या कारखानदाराने शिलाई यंत्रांसाठी १२ टक्के दराने घेतलेले ५ लाख रुपये शिल्लक असतील, तर सहा महिन्यांत त्याच्या डोक्यावर सुमारे ३० हजार रुपयांचे व्याज चढत होते, आणि तेही यंत्रांवर आच्छादन घातलेले, कारागीर गावी गेलेले असताना. व्याजावरील व्याज पुढे परत मिळाले, मूळ व्याज मात्र भरावेच लागले.

मे २०२० मध्ये केंद्राने जाहीर केलेली ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना ही या काळातील सर्वांत मोठी तरतूद होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी शिल्लक असलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज विनातारण मिळे, पहिले वर्ष मुद्दल फेडावे लागत नसे आणि बँकेचे व्याज ९.२५ टक्क्यांपेक्षा जास्त नसे. हमी पूर्णपणे सरकारची होती. बँकेत खाते नीट असलेल्या उद्योगांना तिचा खराखुरा आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण वरच्या उदाहरणातील कारखानदाराच्या वाट्याला तिच्यातून जास्तीत जास्त १ लाख रुपये आले असते, आणि ज्याचा धंदा भिशीवर, सावकारावर किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर चालतो त्याच्या वाट्याला काहीच नाही, कारण आधीचे कर्ज हीच पात्रतेची पहिली अट होती. मुंबईत असे धंदे पावलोपावली आहेत. ज्याने कधी बँकेची पायरी चढलेली नाही, त्यालाच सर्वाधिक गरज असते, ही या रचनेतली मोठी उणीव होय.

फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी योजना आली. १० हजार रुपयांचे खेळते भांडवल, वेळेवर फेड केल्यास ७ टक्के व्याज अनुदान आणि त्यानंतर वाढीव रकमेचे कर्ज, असे तिचे स्वरूप होते. पहाटे दादरच्या मंडईत रोखीने भाजी उचलून दिवसभर विकणाऱ्या बाईला एवढ्या रकमेतून गाडी पुन्हा रुळावर आणता येते. अडचण कागदाची होती. फेरीवाल्यांचे सर्वेक्षण आणि परवाने यांचा प्रश्न शहरात वर्षानुवर्षे रखडलेला असल्याने अनेकांना ओळखपत्राऐवजी महापालिकेच्या शिफारसपत्रावर अवलंबून राहावे लागले.

परत न करावयाची रोख मदत फार थोडी होती. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेतील निर्बंधांबरोबर राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि त्यात नोंदणीकृत फेरीवाल्यांना व परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये देऊ केले. रक्कम लहान असली तरी तिने कर्ज वाढत नव्हते, हा तिचा मोठा गुण.

गाळ्याच्या भाड्याचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. गृहनिर्माण विभागाने एप्रिल २०२० मध्ये भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकण्याची सूचना घरमालकांना केली, ती राहत्या घरांपुरती होती. दुकान बंद आणि भाडे चालू, अशा अवस्थेत कित्येकांनी अनामत रकमेतून भाडे वळते केले आणि ती संपल्यावर गाळा सोडला.

पतहमी योजना ३१ मार्च २०२३ रोजी संपली. स्वनिधी योजनेला २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली असून पहिल्या कर्जाची रक्कम आता १५ हजार रुपये आहे.